राजीच्या नावाची कॉफी

राष्ट्राध्यक्ष फव्वाजने कॉफीचा पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मागणं घेऊन आलेला पाहुणा यजमानाने शब्द दिल्याशिवाय घोट घेत नाही, हे त्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल.

“बोला, अबू सामी,” यजमान, खोऱ्याचा शेख मिथकाल म्हणाला. सामीचा बाप म्हणून फव्वाजला तिकडे मानाने असंच हाकारत.

“दोन वर्षं यादवी चाललीय. तुमचं खोरं तरी देशात राहू दे. तुम्ही फुटलात की उद्या उत्तर फुटेल, परवा किनारा. मग उरलं काय, माझी खुर्ची?”

“ती तरी कशाला उरतेय!” म्हातारा हसला. मग हसू मावळलं. “माझा लेक ओदे बाजारात कांदे आणायला गेला होता. बाजारावर तोफा डागायचा हुकूम कुणी दिला, तेवढं सांगा. नाव कळलं की मी माफ करायला मोकळा.”

हुकमावर सही फव्वाजचीच होती. तोफा ज्याच्या हाताखाली होत्या त्या कर्नल राजीने तीनदा फोन करून विनवलं होतं, “साहेब, बाजार भरलाय, नको.” फव्वाजने ऐकलं नाही, आणि शेवटी हुकूम तो हुकूम, राजीने तोफा डागल्या. गेल्या महिन्यात राजीची गाडी सुरुंगावर गेली. मेलेल्याच्या माथी काहीही मारावं, तो थोडाच उठून नाही म्हणणार! असलं मनात आलं याचीच फव्वाजला लाज वाटली. पण खरं बोलावं तर खोरं जाणार, आणि खोऱ्यामागून देश.

“कर्नल राजीने,” तो म्हणाला.

शेखने डोळे मिटले.

“प्या, अबू सामी. तुमचं मागणं मान्य.”

कॉफी पार गार झाली होती. फव्वाजने ती औषधासारखी गिळली. खोरं राहिलं होतं, आणि त्याला मान वर करवत नव्हती.

निघताना शेख गाडीपर्यंत आला. त्याच्या हातात कॉफीच्या दाण्यांची पिशवी होती.

“ही राजीच्या बायकोला द्या. म्हणावं, ओदेच्या बापाने तुझ्या नवऱ्याला माफ केलं. तिच्या लेकरांनी खाली मान घालून का जगायचं? आणि तुमच्या हाताने द्या हं, शिपायाबरोबर धाडू नका.”

दाणे नुकतेच भाजलेले होते, पिशवी अजून गरम लागत होती. राजीने ते तिन्ही फोन घरून केले होते. तिसऱ्या वेळी त्याच्या बायकोनेच फोन हिसकावून घेतला होता. “तुमच्या सामीची शपथ आहे,” ती रडत म्हणाली होती, “बाजारात लेकरं आहेत हो.”

“देईन,” फव्वाज म्हणाला.