चंद्र कुणी पाहिला

मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या गुरुदत्त सबनीसांनी आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, आणि रिटायर झाल्यावर त्यांना स्वतःला मात्र कुठे थांबावं ते कळेना. आधी त्यांनी गराज लावलं, मग शेजाऱ्याचं गराज लावायला गेले. शेवटी त्यांच्या बायकोने, मृणालिनीकाकूंनीच त्यांना कंप्युटरसमोर बसवलं, आणि त्यातून 'चंद्रोदय' नावाचं ॲप जन्माला आलं. अमेरिकेतल्या कुठल्याही गावाचं नाव टाका, तिथे संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार ते लगेच कळायचं. पुण्याहून आलेल्या कॅलेंडरवरची वेळ मिशिगनमध्ये काय कामाची? तिकडचा चंद्र तिकडे.

ॲप ओपन सोर्स होतं. म्हणजे मोदक तर वाटायचेच, वर त्याची कृतीही वाटायची, आणि ज्याला सुधारणा सुचेल त्याने ती करून पाठवायची. ही कल्पना मित्राच्या मुलीची, इलाची. इला कॅलिफोर्नियात सनीव्हेलला सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि तिच्या ओळखीने कुठकुठली मुलं फुकटात कोड लिहून पाठवत होती. गुरुदत्तरावांना याचं फार नवल वाटायचं. बिनपगारी आणि तरी वेळेवर काम करणारी माणसं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

नवी आवृत्ती यायची ठरली तेव्हा इलाने फोनवर सांगितलं, "काका, या वेळी क्रेडिट्सचं पान करू या. ज्यांनी ज्यांनी काँट्रिब्यूट केलंय, सगळ्यांची नावं. तुम्ही लिहा, यू नो एव्हरीबडी."

इथेच घोटाळा झाला. मराठी माणसाला मानाने नावं मांडायला सांगितली की त्याच्या हातून लग्नपत्रिकाच होते. पानाच्या डोक्यावर 'श्री गजानन प्रसन्न' आलं. खाली कै. वडील आणि कै. मातोश्री आल्या. मग मराठी मंडळाचे आजी-माजी अध्यक्ष वयाच्या क्रमाने आले, मग मंदिराचे ट्रस्टी, मग डॉक्टर प्रधान. ज्यांनी खरोखर कोड लिहिला होता ती मंडळी, आर्य वगैरे, अगदी तळाशी होती, आणि त्यांच्या डोक्यावर मथळा होता: 'आमच्या काकांच्या ॲपला नक्की यायचं हं!'

"काका, हे काय आहे?" इलाने विचारलं. "आर्य इज थर्टी-फोर. त्याला दोन मुलं आहेत."

"अगं, लहानांची नावं तिथेच असतात."

"आणि डॉक्टर प्रधानांनी काय लिहिलं?"

"लिहिलं काही नाही. पण त्यांचं नाव घातलं नाही तर ते पुढच्या वर्षी गणपतीला येणार नाहीत."

इलाने यादी परत वरून खाली पाहिली. मग म्हणाली, "ओके. पण काकू कुठे आहेत?"

"ती कशी असेल? घरचं कार्य आहे. यजमानाने स्वतःच्याच बायकोला मान द्यायचा म्हणजे लोक हसतील."

फोन स्पीकरवर होता आणि मृणालिनीकाकू समोरच मेथी निवडत होत्या. मेथीच्या काड्या जरा जोरात मोडायला लागल्या. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हा आवाज कळायला हवा होता, पण गुरुदत्तराव तेव्हा ट्रस्टींच्या आडनावांत गुंतले होते.

आता काकू काय करायच्या, ते सांगायला हवं. त्यांच्या मैत्रिणी अमेरिकाभर पसरलेल्या, बहुतेक सगळ्या संकष्टी करणाऱ्या. चतुर्थीला त्या आपापल्या अंगणात, बाल्कनीत, पार्किंग लॉटमध्ये उभ्या राहायच्या आणि एकमेकींना फोन करायच्या, "दिसला का गं?" मग दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकू म्हणायच्या, "अहो, तुमच्या त्या शिकागोजवळच्या शॉमबर्गचं काहीतरी बिनसलंय. तिथला चंद्र तुमच्या वेळेच्या आधीच वर आला होता." गुरुदत्तराव म्हणायचे, "तुला दुसरं काही काम नाही का?" आणि कुरकुरत आत जाऊन चूक दुरुस्त करायचे. ते याला कटकट म्हणायचे. इलाच्या धंद्यात त्याला टेस्टिंग म्हणतात, आणि त्यासाठी कंपन्या माणसं ठेवतात.

त्या मेथीच्या दिवसानंतर नाश्ता शांततेत व्हायला लागला. काकू पोहे वाढायच्या, चहा द्यायच्या, हवापाण्याचं बोलायच्या. गुरुदत्तरावांनी समजूत करून घेतली की ॲप आता निर्दोष झालं. त्याच भरात त्यांनी घड्याळाचा भाग नव्याने लिहिला आणि पत्रिकेसकट नवी आवृत्ती सोडून दिली.

नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली आणि त्याच आठवड्यात संकष्टी आली. गुरुदत्तरावांनीही उपास धरला होता. नैवेद्य नव्या आवृत्तीच्याच वेळेवर दाखवायचा, असा त्यांचा बेत होता. ॲप म्हणत होतं, चंद्रोदय आठ वाजून वीस मिनिटांनी.

पावणेआठला काकू बाहेरच्या लाकडी डेकवर गेल्या, समोरच्या घराच्या छपराकडे पाहून त्यांनी हात जोडले, आत येऊन आरती केली आणि स्वतःचं पान वाढून घेतलं.

"अगं, अजून अवकाश आहे," गुरुदत्तराव म्हणाले.

"दिसला."

"शक्य नाही. आठ वीस."

"बरं," काकू म्हणाल्या आणि मोदकावर तूप घालून जेवायला लागल्या.

गुरुदत्तराव डेकवर गेले. छपरावर चांगला मोठा, पिवळाधमक चंद्र होता. त्यांनी चंद्राकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. मोठ्या विश्वासाचा माणूस. आत येऊन ते परत खुर्चीत बसले आणि रिकाम्या पोटी स्वतःच्या ॲपची वाट बघत राहिले.

आठला फोन सुरू झाले. ॲपच्या भरवशावर बसलेलं सगळं ट्रॉय उपाशी होतं आणि चंद्र वर वर चालला होता. डॉक्टर प्रधानांना मधुमेह होता, ते जास्तच बोलले. शेवटी इलाचा फोन आला. "काका, तुमचं घड्याळ अजून उन्हाळ्यातच आहे. अख्खा तास चुकलाय. काकूंनी टेस्ट नाही केलं?"

गुरुदत्तराव काकूंकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"नवीन ॲप पाहिल्या दिवशीच पद्मिनी म्हणाली होती, पुढच्या महिन्याच्या वेळा तासभर पुढे दिसतायत म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"घरचं कार्य आहे ना," काकू म्हणाल्या. "घरच्यांनी कसं बोलायचं?"

गुरुदत्तरावांना एकदम वाईट वाटलं, आणि ते भुकेमुळे नव्हतं. महिनाभर सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय, हे त्यांना आत्ता कळलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझं नाव पहिलं घालतो."

"माझं एकटीचं नको. चंद्र मी एकटीने नाही पाहिला."

"मग सांग नावं. पण ही पद्मिनी कोण?"

"कुमारची आई. शॉमबर्गची. वीस वर्षं तिच्या हातचा चिवडा खाताय."

"आणि ती तुझी सनीव्हेलची मैत्रीण, देवांगची आई? तिचं नाव काय?"

"मी नाही सांगणार. पान तुमचं आहे. फोन करा आणि विचारा."

आधी काकू जेवल्या होत्या, मग त्यांनी गुरुदत्तरावांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तराव फोन घेऊन बसले. आयुष्यात प्रथमच ते बायकांना त्यांची नावं विचारत होते. पद्मिनीबाई आधी खूप हसल्या, मग आडनावासकट सांगितलं. देवांगची आई सगळ्यांत थोरली, ऐंशीला टेकलेली. ती घाबरली. "नाव कशाला हवंय? माझं काही चुकलं का?"

गुरुदत्तरावांनी समजावून सांगितलं.

"सासरी माझं नाव बदललं," मग ती म्हणाली. "पासपोर्टवर तेच आहे. पण आधीचं दिलं तर चालेल का? ते आता कुठेच लिहिलेलं नाही."

"चालेल की."

"मग वेणू लिहा."

गुरुदत्तरावांनी लिहिलं. 'आभारी आहे' एवढंच म्हणून फोन ठेवला.

नव्या पानावर गजानन राहिला, पण अध्यक्ष गेले, ट्रस्टी गेले, डॉक्टर प्रधानही गेले. ते गणपतीला आले नाहीत तर मोदक उरतील, असं गुरुदत्तरावांनी इलाला कळवलं. कोड लिहिणारे वर आले, आर्यला त्याचं वय परत मिळालं. 'चंद्र यांनी पाहिला' या मथळ्याखाली सगळ्यांत आधी वेणू होती, आणि शेवटी, श्रीमती-सौभाग्यवती काही न लावता, मृणालिनी.

काकूंनी नाश्त्याला चष्मा लावून ते पान वाचलं. परत एकदा वाचलं. मग फोन खाली ठेवून पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "ठीक आहे. पण पुढच्या संकष्टीला तुमच्या सनीव्हेलचा चंद्र भर दुपारी उगवतोय. तुम्हाला दिसत कसं नाही?"

"आणखी?" गुरुदत्तरावांनी विचारलं, आणि खुर्ची काकूंजवळ ओढून घेतली.