बत्तीस आवर्तनांचे मौन

मित्रांनो, मी एक ढोल आहे, जुना आणि जन्माचा उतावळा. अर्जेंटिनातल्या सान्तियागो देल एस्तेरोत सैबोच्या झाडाचे खोड आतून कोरून डॉन एलेउतेरिओंनी मला घडवले. एका तोंडावर मेंढीचे कातडे, दुसऱ्यावर बकऱ्याचे, दोन्ही केसांसकट. सकाळी ते मला उन्हात ठेवत आणि कातडे ताणले गेले, की पहिला टोला देवाच्या नावाने देत. साठ वर्षे मी अंगणाअंगणांत चाकारेरा नाचासाठी वाजलो. लोक कौतुक करत, तेव्हा मी आणखीच फुगत असे.

मग ग्रिसेल्दा आली. गावचीच मुलगी, शहरात संगीत शिकलेली. चर्चच्या उत्सवासाठी ती नवी रचना करत होती. व्हायोलिन, क्लॅरिनेट, गिटार आणि मी. आधी आमचा चाकारेरा, मग बल्गेरियातल्या मेंढपाळांचा सात मात्रांचा ठेका, शेवटी दोन्ही एकत्र. पण त्या सातांच्या वेळी मी गप्प राहायचे होते. बत्तीस आवर्तने! आणि मग नेमके वेळेवर वाजायचे.

गप्प कसला राहतो! क्लॅरिनेटच्या फुंकरीने माझे कातडे नुसते शिवशिवत असे. डॉन एलेउतेरिओंना स्वरलिपीचा कागद वाचता येत नव्हता. ते ओठांत मोजत. अकरापर्यंत बरे चाले, मग हात आपोआप उठे.

"डॉन, गाडी यायच्या आधीच चढलात!" क्लॅरिनेटवाला बाउदिलिओ ओरडे. पुढच्या खेपेला, "आता गेली की हो निघून!"

पाचव्यांदा चुकल्यावर ग्रिसेल्दाने पेन्सिल खाली ठेवली. "काका, रागावू नका. उत्सवाला चारच दिवस राहिलेत. वाचून वाजवणारा माणूस बोलवावा लागेल. ढोल तुमचाच राहील."

डॉन एलेउतेरिओ टिपऱ्या मांडीवर ठेवून खाली बघत बसले. मला परक्या हातांत जायचे नव्हते, पण मला विचारतो कोण?

त्यांची पत्नी डोन्या फिलोमेना सगळ्यांसाठी राखेत भाजलेल्या रोट्या घेऊन आली होती. ती पुढे झाली. "अगं पोरी, ह्या म्हाताऱ्यानं जन्मात कधी मोजून वाजवलं नाही. तो माझे पाय बघतो. इथं नाचतंय कोण?"

"सातावर कसं नाचणार, डोन्या?" बाउदिलिओ हसला.

"तू फुंक. नाचायचं मी बघते."

तिने चपला काढल्या. सुरुवातीलाच अडखळली. "अरे देवा, एक पाऊल उरतंय की!" मग ते उरलेले पाऊल तिने घसटत ओढले आणि सात मात्रा बसल्या. पुन्हा पहिल्यापासून. मोठी फेरी, घागऱ्याचे झोके, परत मोठी फेरी, शेवटचा वळसा. आठ-आठ आवर्तनांत एकेक. डॉन एलेउतेरिओंचे ओठ थांबले. डोळे तिच्या पायांवर. मी थरथरत होतो. आता? आता? शेवटी चाकारेरात हात वर करतात तसे तिने दोन्ही हात उचलले, आणि टोला पडला. नेमका!

ग्रिसेल्दाने कागदावरचे आकडे खोडले. त्यांच्या जागी नाचाच्या चारही भागांची नावे लिहिली. मग सगळ्यांत वर एक नवी ओळ आखली, डोन्या फिलोमेनाच्या पायांसाठी. उत्सवात ती आमच्या मधोमध अनवाणी नाचली, आणि टिपऱ्या डॉन एलेउतेरिओंच्याच हातांत होत्या.

आता दोघेही देवाघरी गेले. मी संगीतशाळेत असतो. ती रचना अजून वाजते. नवा वादक गुणी आहे, बत्तीस कधी चुकत नाही. पण खुर्च्यांची एवढी दाटी, की मध्ये कुणी उभे राहू शकत नाही. वरची ओळ रिकामीच जाते. मी वेळेवर वाजतो, तरी जीव थाऱ्यावर नसतो.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा, एवढे तर तुम्ही करालच. पण वाजवायला बसाल तेव्हा माझ्यासमोरच्या दोन खुर्च्या जरा मागे सरकवा. कुणाला नाचावेसे वाटले, तर जागा हवी.