वगारीचा चीक

मोहिनीने वगारीचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि बाटलीतलं मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं आत सोडलं. निम्मं बाहेरच आलं. म्हैस व्याली ती याच आठवड्यात, पण पिल्लाचे डोळे पार खोल गेले होते आणि शेपटीखाली पिवळट पाणी वाहतच होतं. केजहून आलेले डॉक्टर सलाईन देऊन गेले होते. उद्या उठून उभी राहिली तर वाचली समजा, एवढंच म्हणाले होते.

“छबुबाईनंच खाल्ली हिला,” भामाबाई गव्हाणीपाशी उभ्या राहून लेकीला म्हणाल्या. “म्हैस व्याली त्या दिवशी आली अन् म्हनली, लई देखणी वगार हाय. सकाळी तोंडावर सांगितलं तिला, पुन्ना माज्या दारात येऊ नको.”

मोहिनीने मान वर केली नाही. आईला शेजारणीची नजर दिसत होती. तिला बीडच्या कॉलेजातला प्रोजेक्टरचा पडदा दिसत होता. एमएस्सीच्या सेमिनारात तिने पिल्लांना अशी हगवण लावणाऱ्या जंतूवर बोलून टाळ्या घेतल्या होत्या. त्याच्या अंगावर केसांसारखे प्रथिनांचे बारीक धागे असतात. त्या धाग्यांनी तो कोवळ्या आतड्याच्या पेशींना घट्ट धरतो. धरता आलं नाही, तर शेणाबरोबर निमूट वाहून जातो. आणि चिकात, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधात, नेमके तेच धागे झाकून टाकणारी प्रतिपिंडं असतात. मात्र तो चीक पहिल्या काही तासांतच पिल्लाच्या पोटात जायला हवा. हे सगळं तिने चित्रं दाखवून समजावलं होतं, आणि म्हैस व्याल्याचं कळताच त्याच तोंडाने फोन केला होता, “माय, सगळा चीक काढून ठेव. होस्टेलवर खरवस पायजे.” वगारीला दुसऱ्या म्हशीचं दूध पाजलं गेलं. भामाबाईंनी एसटीने धाडलेला खरवस झकास होता, मैत्रिणींनी बोटं चाटली. तिने बाटली पुन्हा वगारीच्या तोंडाला लावली.

दुपारी आई जरा आडवी झाली, तशी ती छबुबाईंकडे गेली. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मोहिनीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

“मावशी, तुमची नजर न्हाई. माज्यामुळं झालंय हे. आत्ताच जाऊन मायला सांगते.”

छबुबाईंचा हात थांबला. सकाळचं बोलणं त्यांना चांगलंच लागलेलं दिसत होतं, डोळे सुजलेले होते.

“नको सांगू.”

“कावून?”

“चीक काढला कुणी? तिनंच ना? लेकीला धाडायचा म्हणून लई खुशीत व्हती. माज्यावर चिडली तर चार दिस बोलणार न्हाई, मंग येईलच इरजण मागायला. सोतावर चिडली तर कुणाकडं जाईल ती?”

मोहिनीला रडूच आलं. चूक आपली, शिक्षा भोगायला ही बाई तयार, आणि आपण सुटलो म्हणून क्षणभर बरंही वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

संध्याकाळी भामाबाईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन वगारीवरून उतरवल्या. नजर लागलेली असेल तर जळत्या मिरच्यांचा ठसका लागत नाही, हे त्यांचं पक्कं गणित. शेजारच्या घराकडे रागाने पाहत त्यांनी मूठ चुलीत रिकामी केली.

मिरच्या तडतडल्या. धूर उठला आणि भामाबाईंना असा ठसका लागला की पदर तोंडाला लावून त्या मटकन खाली बसल्या. मोहिनीही खोकून खोकून लाल झाली.

भामाबाईंनी डोळे पुसले. चुलीकडे पाहिलं, मग छबुबाईंच्या लावलेल्या दाराकडे. चेहरा ओशाळा झाला.

“नजर न्हाई गं. उगंच बोलले तिला,” त्या म्हणाल्या. “मंग कशानं झालं असंल? तू तर त्येच शिकतीस न्हवं, सांग की.”

मोहिनी आईच्या समोर जमिनीवर बसली. “माय, तो चीक मी मागितला व्हता ना,” ती सांगू लागली.