कागदाला टिचकी

देशातले निम्मे पूल आमच्या पोलादावर उभे आहेत, असं कारखान्याच्या फाटकावर लिहिलंय. लिहा बापडे! फाटकामागच्या गल्लीत वाळत घातलेली चादर तासाभरात काळी होते, ते कोण लिहिणार? खरं तर ते लिहायचं काम माझंच. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी धुळीचं वजन करतेय. हवा ओढणाऱ्या यंत्रात पांढरा कागद घालायचा, चोवीस तासांनी काढायचा, काट्यावर ठेवायचा. कागद जेवढा जड, तेवढी हवेत धूळ.

आणि काट्यावर ठेवण्याआधी त्याला मागून एक टिचकी मारायची. ही साहेबांची शिकवण. पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "बाई, सैल धूळ ती धूळच नव्हे." टिचकी मारली की कागद हलका, हवा स्वच्छ, साहेब खूश. मला नोकरी हवी होती. मारत गेले.

यंदा गल्लीतल्या लोकांनी एवढी बोंब ठोकली की बाहेरून तपासनीस आले. त्यांनी एकच यंत्र मांडलं, तेही माझ्या दादाच्या गच्चीवर. काटा मात्र आमच्याच प्रयोगशाळेतला आणि हात माझा. धूळ मर्यादेबाहेर निघाली तर अख्ख्या गल्लीला नदीपलीकडे घरं मिळणार होती. दादानं तीस वर्षं भट्टीवर काढली. आता दोन पायऱ्या चढला की भिंत धरतो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, इथून हलवा, नाहीतर वर्ष काढणं कठीण. वहिनी माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, या वेळी तरी खरं वजन करा हो."

म्हटलं, "वहिनी, दादाची शपथ."

कागद आला तो काळाकुट्ट. मनात म्हटलं, बोला आता! तपासनीस शेजारी फॉर्मवर नंबर लिहीत होते, साहेब दाराशी घाम पुसत होते. मी चिमट्यानं कागद उचलला आणि टिचकी मारली.

टक्. एवढासा आवाज. टेबलावर काळी धूळ सांडली. जित्याची खोड म्हणतात ती हीच! मी ओरडलेच, "थांबा, धूळ पडली! माझ्या हातून पडली, नमुना रद्द करा!"

तपासनिसांनी फॉर्म उलटापालटा केला. "कागद फाटलाय का?"

"नाही, पण..."

"फाटला तरच रद्द होतो."

"अहो, बावीस वर्षं मी हेच..."

"त्या गल्लीत यांचा सख्खा भाऊ राहतो," साहेब मध्येच गोड आवाजात म्हणाले. "जीव तुटतो हो बाईंचा."

तपासनिसांनी समजल्यासारखी मान हलवली. वजन मर्यादेच्या आत भरलं, जेमतेम. पुढची तपासणी पाच वर्षांनी. ते गेल्यावर साहेब म्हणाले, "मानलं बाई तुम्हाला! वर नाटकही काय झकास केलंत!" त्यांच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही. माझा हात आधीच नको ते करून बसला होता.

तशीच दादाकडे गेले. चहा पुढे ठेवून वहिनीनं विचारलं, "काय निघालं?" मी सगळं सांगितलं. टिचकी म्हणजे काय, ते वहिनीला आधी कळेना. दादाला लगेच कळलं, तो कारखान्याचाच माणूस.

"साहेबांनी खुणावलं असेल तुला," तो म्हणाला. धाप लागली होती, तरी माझीच बाजू घेत होता वेडा.

"नाही रे दादा. या वेळी मला कुणीच सांगितलं नव्हतं."

वहिनीनं माझ्यापुढचा चहा उचलला आणि आत नेऊन ओतून दिला.