दारजींच्या पगडीचे दुसरे टोक

रविवारची भाजी घेऊन गुणीत हडपसरच्या घरी परतली, तेव्हा मोरीत बिजी, तिच्या सासूबाई, दारजींची आकाशी पगडी घासत होत्या आणि बादलीतले पाणी जांभळे झाले होते. तिने पिशवी उंबऱ्यातच ठेवली. काय घडले, हे विचारायची गरज नव्हती.

दारजी म्हणजे गुणीतच्या आठ वर्षांच्या लेकीचे, मेहरचे आजोबा. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. ते होते तोवर रोज सकाळी पगडीच्या पाच मीटर मलमलीचे एक टोक त्यांच्या हातात असे आणि दुसरे मेहरच्या. कापड ताणून त्याची नीट घडी पडेपर्यंत ती त्यांना आदल्या दिवसाची शाळा सांगे. घरातल्या दुसऱ्या कोणाला त्या गप्पांत थारा नव्हता.

दारजी गेले त्या दिवशी पोरीने हंबरडा फोडला आणि सगळ्यांनी मिळून तिला गप्प केले. देवाचा भाणा, त्याची इच्छा, गोड मानून घ्यायची. शीख माणूस मृत्यूवर आक्रोश करत नाही. शिकवण खोटी नव्हती. बिजींना त्या शिकवणीनेच सावरले होते. पण पोरीला सावरायला कोणी ती सांगितली नव्हती. तिचा आवाज बंद व्हावा म्हणून सांगितली होती. गुरुद्वाऱ्यात तिच्या तोंडावर दाबलेला हात तर गुणीतचा स्वतःचा होता. ते आठवले की आधी कोणावर संतापावे, हेच तिला कळेनासे होई.

त्यानंतर मेहर रडली नाही. तिने वर्गातल्या एका मुलीला चावा घेतला. भाग्यश्रीबाईंनी, तिच्या वर्गशिक्षिकेने, गुणीतला शाळेत बोलावले. तिला चित्रे काढू द्या, कणीक मळू द्या, हवे ते करू द्या, आणि काय केलेस म्हणून उलटतपासणी घेऊ नका, एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर नवऱ्याने, सुखदेवने, तिची टर उडवली होती. "रेघोट्या ओढून दुःख जात असेल, तर गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीजींना सुट्टी देऊ या."

गुणीतने कागद आणले, स्केचपेन आणले. मेहरने कागदाला हात लावला नाही. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना गुणीतने दारजींची ती आकाशी पगडी उलगडली. मेहरच्या टोकापासून ओळीने जांभळ्या स्केचपेनची बारकी बारकी चित्रे बसली होती, एकेका दिवसाचे एकेक. शाळेची बस, पडलेला दात, दोन वेण्यांची मुलगी. दारजींच्या टोकापर्यंत अजून बरेच कापड कोरे होते. गुणीतने पगडी होती तशी ठेवून दिली.

आज ती सुखदेवच्या हाती लागली होती.

"वर्ष भरेल तेव्हा, वरसीला मी बांधणार होतो ती," तो मोरीच्या दारातून म्हणाला. "बापाच्या पगडीचा फळा केलाय तिने. आणि तुला माहीत होतं."

"होतं. म्हणूनच हात लावला नव्हता." गुणीतचा आवाज चढला नाही, बारीक झाला, त्या आवाजाची घरात सगळ्यांना धास्ती होती. "नळ सोडून याच मोरीत रडायचात तुम्ही. मला ऐकू यायचं. तुम्हाला निदान मोरी होती. तिच्याकडे एवढंच कापड होतं."

सुखदेवने मान फिरवली, तर मागे मेहर उभी. ती खालून खेळून आली होती. तिने बादलीत पाहिले आणि ती किंचाळली. त्यात शब्द नव्हते. मग तिने बापाला गुद्दे मारायला सुरुवात केली आणि मारता मारताच तिला रडू फुटले.

"बस, पुत्तर. भाणा..." बिजी सवयीने म्हणू लागल्या.

"नाही, बिजी," गुणीत म्हणाली. "आज तिला कोणी गप्प करायचं नाही. मीसुद्धा नाही."

शेजारचे दार उघडले आणि मिटले. मेहर रडत राहिली. गुणीतने पगडी पिळली आणि वाळत घालण्यासाठी तिचे एक टोक सुखदेवच्या हातात कोंबले. बस वाहून गेली होती. दाताच्या जागी डाग उरला होता. दोन वेण्यांची मुलगी मात्र शाबूत होती.

मेहरने ते टोक बापाच्या हातातून हिसकावले. "हे माझं आहे. तुम्ही तिकडे जा."

सुखदेव दुसऱ्या टोकाला गेला. कापड ताणायला त्याला बाहेरच्या खोलीपर्यंत मागे सरकावे लागले.

"हिला मी चावले," वेण्यांवर बोट ठेवून मेहर रागानेच सांगू लागली, "कारण ती म्हणाली, तुझे आजोबा मेले तरी तू रडत नाहीस."