अकरा लॅपटॉपांची सावड

वडिवळे संगणक मंडळ सुरू होऊन सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत मंडळाने दोन वाढदिवस केले, एक सत्कार केला आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव तीनदा बदललं. प्रोग्रॅम मात्र एकही लिहिला नाही. सोसायटीचे चेअरमन हौशीरामभाऊ यांना हे नेमकं माहीत होतं, कारण मंडळ बसायचं ती खोली सोसायटीची होती आणि सत्कार त्यांचाच झाला होता.

आता त्यांना ती खोली यात्रेच्या मांडवाचे बांबू ठेवायला हवी होती.

"बांबू वर्सातनं एकदा तरी उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "तुमी नुसतं बसता."

शेवटी त्यांनी अट घातली. रविवारी दुपारी एकला ते येणार. अकरा सभासदांच्या अकरा लॅपटॉपांवर अकरा प्रोग्रॅम चालताना दिसले तर खोली मंडळाची. एक जरी कमी पडला तर चावी त्यांची.

मंडळ काढलं होतं सोमाटण्याच्या अपूर्वाने. ती हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला. गावात आपण केवढं काम उभं केलंय, हे तिने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता खोली गेली असती तर तिला जेवणाची वेळ बदलावी लागली असती.

म्हणून तिने सोप्यात सोपा प्रोग्रॅम निवडला. फक्त तीन ओळी. पहिली ओळ विचारते, भात किती किलो? दुसरी त्याला शून्य पूर्णांक पासष्टने गुणते. तिसरी उत्तर दाखवते, तांदूळ इतके निघतील. पाच वर्षांचं पोरही वीस मिनिटांत करेल, असं तिला वाटलं. पाच वर्षांचं पोर मंडळात नव्हतं, हीच अडचण.

दहाला तिने सुरुवात केली. भिंतीवर पहिली स्लाइड आली: संगणक स्वतः विचार करत नाही.

"मंग कोण करतं?" अंबाजी आबांनी विचारलं. आबा सत्तरीचे, मंडळातले सगळ्यात वडील.

"आपण करायचा, आबा."

"ते घरी बी करतोच की."

अपूर्वाने उरलेल्या एकेचाळीस स्लाइड सोडून दिल्या आणि तीन ओळी फळ्यावर लिहिल्या. "आता प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर लिहा."

कोणी हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू तिने काहीतरी चारचौघांत बोलू नये असं बोलून टाकलं होतं.

"आपापल्या म्हंजी?" गेणूने विचारलं. गेणूची भाताची गिरणी.

"म्हणजे तुम्ही तुमच्या, नंदाबाई मावशी त्यांच्या."

"आन मावशींचं अडलं तर?"

"तर मी आहे ना."

"तुमी एकल्या. आन आमी धा जण आपलं उरकून घरी जायचं? बरं दिसंल का ते?"

"असं न्हाई करीत, बाय," नंदाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आधी समद्यांनी मिळून एकाचं. मंग दुसऱ्याचं."

मावळात भाताची लावणी सावडीने होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. जो आपल्यापुरतं उरकतो त्याला पुढच्या वर्षी कोणी हाक मारत नाही. अपूर्वाने हे ऐकलेलं होतं, पण त्याचा कीबोर्डशी संबंध येईल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला मान नंदाबाईंना मिळाला. त्यांच्या लॅपटॉपभोवती अकरा माणसं गोळा झाली, आणि अपूर्वाला लॅपटॉप दिसेनासा झाला. आतून आवाज येत होते. "कंस कुटं हाय?" "त्यो न्हाई, त्येच्या शेजारचा." "दाब की, चावतोय व्हय?" नंदाबाईंनी पहिली ओळ लिहिली, आबांनी दुसरी लिहायला घेतली आणि पासष्टवर काम थांबलं.

"पासष्ट कुटनं आणलं?" गेणू म्हणाला. "माझ्या गिरणीत साठाच्या वर जात न्हाई."

सगळ्यांच्या माना गेणूकडे वळल्या.

"मॅडमच्या कंप्यूटरात पासष्ट निगतंय," आबा म्हणाले. "तुज्यात साठ. मधलं पाच कुटं जातंय रं?"

"कोंड्यात."

"कोंडा तर आमी घरी नेतो."

हा वाद पंचवीस मिनिटं चालला. अपूर्वाने तीनदा सांगितलं, की हा आकडा नुसता उदाहरणासाठी आहे. कोणी वजन तपासायला जायच्या आत गेणूने भावाला फोन लावून गिरणी बंद करायला सांगितलं. शेवटी बासष्टवर तोडगा निघाला, तिसरी ओळ लिहून झाली आणि प्रोग्रॅमने विचारलं, भात किती किलो?

नंदाबाईंनी टाइप केलं: लय.

पडदा लाल झाला.

"मावशी, आकडा टाका."

"समद्यांम्होरं कशाला टाकू?"

"कितीही टाका. खोटा टाका."

"खोटं बोलायला कंप्यूटर कशाला लागतोय?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि आकडा टाकला. प्रोग्रॅम चालला. सव्वाअकरा वाजले होते. एक झाला, दहा बाकी.

"आता पटपट पुढचा," अपूर्वा म्हणाली.

पण ज्याचं खाचर त्याच्याकडे खाणं, हा सावडीचा दुसरा नियम. नंदाबाईंच्या घरून पोह्यांचं पातेलं आलं. त्यानंतर गेणूचा लॅपटॉप आणि भजी. तिसऱ्याला उसळ. पाचव्याला उपीट, त्यात लिंबू नाही म्हणून पाच मिनिटं खोळंबा. सहाव्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर तेलाचा असा हात फिरला होता, की बोट एकीकडे ठेवलं तर दुसरीकडे जात होतं.

गंमत म्हणजे काम भराभर व्हायला लागलं. प्रत्येक लॅपटॉपवर पहिली ओळ नंदाबाई लिहीत, दुसरी आबा, तिसरी गेणू. अपूर्वाच्या हे सातव्याला लक्षात आलं.

"अहो, अदलाबदल करा की. आबा, तुम्हाला पहिली ओळ येते का?"

"ती नंदाबाईची."

"आणि तिसरी?"

"ती गेणूची. मॅडम, लावणीत रोपाच्या मुठी पोचवणारा मुठीच पोचवतो. त्यो मधीच चिखलात उतरला, तर मुठी कोण पोचवणार?"

"आणि बाकीचे आठ जण काय शिकले?"

"आमी बगतो की," मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर चाललंय का न्हाई ते."

अपूर्वाने हातातला खडू मोडला. तो तिला मुळात मोडायचा नव्हता.

एकला पाच मिनिटं कमी असताना दहावा प्रोग्रॅम चालला. अकरावा लॅपटॉप आबांचा. मुलाने मुंबईहून पाठवलेला, गेल्या दिवाळीपासून पिशवीत. तो उघडला आणि त्याने स्वतःहून अपडेट सुरू केलं. एकतीस टक्के. कृपया बंद करू नका.

हौशीरामभाऊ दारात आले. त्यांनी बोट दाखवत चालू प्रोग्रॅम मोजले. "धा," ते म्हणाले. "आन एक वाजला. चावी आणा."

अपूर्वाने पर्समधून चावी काढली. तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं, पोटात उसळ आणि उपीट होतं.

"भाऊ," नंदाबाई लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाल्या, "सावड चाललीय. बांधावर उबं ऱ्हाऊन बगायची रीत न्हाई."

"मी मोजायला आलोय."

"मोजायचं तर आत उतरून मोजा."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तेवढ्यात आबांच्या घरून पिठलं-भाकरी आली आणि पहिली भाकरी, वयाचा नाही तर पदाचा मान म्हणून, भाऊंच्या हातात ठेवली गेली. त्यांनी चपला काढल्या. अपडेट त्रेचाळीस टक्क्यांवर होतं. दुसऱ्या भाकरीला ते साठवर गेलं. जेवण झालं, आणि मग भाऊंच्या ध्यानात आलं, की सावडीचं खाऊन कोणी हात झटकत उठत नाही.

"आणा हिकडं," ते म्हणाले. "तिसरी वळ मी लिहितो."

"ती माझी," गेणू म्हणाला.

"गेणू, तू तिसरीचं बोलू नको, आन मी ह्या पडद्यांवरच्या बासष्टचं बोलत न्हाई."

गेणू बाजूला झाला. अपडेट संपायला दोन वाजले. भाऊंनी एका बोटाने, प्रत्येक अक्षर आधी हवेत मारून मग बटणावर मारत, ओळ लिहिली. पडदा लाल झाला.

"कंस बंद केला नाही, भाऊ."

"मी उघडला, आता बंद तुमी करा. समदं मीच करायचं का?"

अडीचला अकरावा प्रोग्रॅम चालला. भाऊंनी तो सात वेळा चालवला, दरवेळी भात वाढवत.

अपूर्वाने चावी टेबलावर ठेवली. "घ्या, भाऊ. एक कधीच वाजून गेलाय."

भाऊंनी चावीकडे बघितलंही नाही. "मी अंबाजीच्या हितं राबलो का न्हाई?"

"राबलात."

"मंग आता माझी बारी ह्या समद्यांवर आली. पुढल्या रविवारी माझा लॅपटॉप. त्यो काय यष्टी स्टँडवर करायचा?"

"आणि बांबू?"

"बांबू कुटंबी पडत्याल."

"तुमच्याकडे लॅपटॉप आहे?"

"बुधवारी आणतो." ते चपला पायात सरकवत दारापाशी थांबले. "मॅडम, मटान ठेवलं तर किती वळींचा प्रोग्रॅम बसंल?"

अपूर्वाने डोळे मिटले. "पाच."

"मटनावर पाच?" नंदाबाई म्हणाल्या. "धा तरी घ्या, भाऊ. आमी काय फुकटचं खानार हाय का?"