मास्तरांचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! घरच्या गाडीत बाजूला बसले तरी वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. त्या जागी मॅट झिजून पार पातळ झालं होतं. बायको म्हणायची, "अहो, ही आपली गाडी आहे, स्कूलची नाही. तो पाय जरा घरी ठेवून येत जा." मास्तरही हसायचे.

वर्गात मात्र हसण्याचं नाव नाही. "गाडी चालवताना फोन हातात दिसला की गुन्हा," ते बजावून सांगायचे. "मेसेज वाचला काय, लिहिला काय, सिग्नलला उभं राहून लिहिला काय, कायद्याला सगळं सारखंच. दंड भराल, लायसन्स जाईल. आणि कुणाला उडवलंत तर थेट तुरुंगाची हवा."

पण धाकट्या लेकीपुढे मास्तरांचं शहाणपण चालत नसे. ती स्कूलच्या गाडीत शिकत होती तेव्हा फोन वाजला की तिला चैन पडायचं नाही. "बाबा, नुसतं 'हो' लिहू?" ती विचारायची. "लिही पटकन. मी आहे ना," मास्तर म्हणायचे आणि पाय ब्रेकवर ठेवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! एकदा कुत्रं आडवं आलं. तिचं लक्षच नव्हतं. मास्तरांनी गाडी जागच्या जागी थांबवली, कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं आणि बापलेक पोट धरून हसली. मला विचाराल तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी लेकीने घरची गाडी काढली. मास्तर ऐटीत बाजूला बसले. पोरगी छान चालवत होती, अगदी नाव काढील अशी. बेकरीपाशी वळताना तिचा फोन वाजला. मैत्रिणीचा मेसेज होता, 'येतेयस ना?' तिने फोन मांडीवर घेतला आणि मान खाली घालून लिहायला लागली.

मास्तरांना समोरचे पांढरे पट्टे दिसले. त्यांवरून एक आजीबाई पावाची पिशवी छातीशी धरून चालल्या होत्या, त्याही दिसल्या. मास्तर ओरडले नाहीत. हँडब्रेकला हात घातला नाही. खरं म्हणजे ते घाबरलेही नाहीत. आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं. उजवा पाय सगळा जोर लावून दाबला.

गाडी थांबली नाही.

पुढचं मास्तरांना काचेतून दिसत होतं, पण काही केल्या खरं वाटत नव्हतं. पाव रस्त्यावर विखुरले होते. आजीबाई आडव्या पडल्या होत्या. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला होता. लेक दार उघडं टाकून धावली आणि त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. बेकरीवाला पोत्यांची घडी करून त्यांच्या डोक्याखाली ठेवत होता. अँब्युलन्स आली, स्ट्रेचर आत गेलं. "श्वास चालू आहे," त्यातला माणूस म्हणाला, "बाकी आत्ताच काही सांगता येत नाही." मास्तर सीटवरून हलले नव्हते.

ट्रॅफिक पोलीसबाई गाडीपाशी आल्या. त्यांच्या मागे लेक उभी होती, पांढरीफटक.

"गाडी कोण चालवत होतं?"

'मी' हा शब्द मास्तरांच्या ओठांवर आला होता. पोरीचं लायसन्स, पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका शब्दाने वाचलं असतं. पण लेकच आधी बोलली.

"मी चालवत होते. फोनवर लिहीत होते."

"समोर बघायचं कळत नाही तुला?"

"मला वाटलं, बाबा थांबवतील," ती म्हणाली. "ते नेहमी थांबवतात."

"कशाने?"

लेकीने बापाकडे पाहिलं. पोलीसबाई वाकल्या आणि त्यांनी मास्तरांच्या पायांशी नजर टाकली. तिथे झिजलेलं मॅट होतं, दुसरं काही नव्हतं.

"काका, उतरा आता," त्या जरा नरमाईने म्हणाल्या.

"उतरतो," मास्तर म्हणाले. पण त्यांचा उजवा पाय अजून तसाच दाबलेला होता, आणि तो त्यांना उचलता येईना.